पैसे भरून हमाली: बोर्निओच्या ओरांगउटानसाठी

बोर्निओ बेटावरच्या ओरांगउटान वानरांच्या केंद्रात पैसे भरून स्वयंसेवकाचं काम करून आले, पण पिल्लू कडेवर घेतलेला फोटो काही माझ्याकडे नाही. ठाण्यात परतल्यापासून सगळ्यांना तोच बघायचाय. म्हणून पहिला सल्ला: अनाथ पिल्लं सांभाळून जंगलात सोडणारं जे केंद्र असा फोटो काढू देतं, तिथे अजिबात जाऊ नका.

आपला खोकला, क्षय, कावीळ या प्राण्यांनाही होऊ शकते. शिवाय जे पिल्लू उद्या जंगलात सोडायचं, त्याला माणसाचा लळा लागून कसं चालेल? ही पिल्लं सहा-सात वर्षं आईला धरून असतात. कुठलं फळ खायचं, रात्री झोपायला फांद्यांचं घरटं कसं बांधायचं, सगळं तिच्याकडूनच शिकतात. केंद्रात येणाऱ्या बहुतेक पिल्लांची आई मारली गेलेली असते. मादीच्या दोन बाळंतपणांत साधारण सात-आठ वर्षांचं अंतर, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला पिढ्या जातात. बोर्निओची, सुमात्राची आणि २०१७ साली वेगळी म्हणून ओळखली गेलेली तापानुली, तिन्ही जाती अतिसंकटग्रस्त आहेत.

मी गेले ते साम्बोजा लेस्तारीला. इंडोनेशियाच्या पूर्व कालिमंतानमध्ये, बालिकपापान शहराजवळ. बीओएस (बोर्निओ ओरांगउटान सर्व्हायव्हल) फाउंडेशन ही संस्था हे केंद्र चालवते. एकेकाळी इथे नुसतं गवत माजलं होतं, झाडं लावून रान पुन्हा उभं केलंय. आजारपणामुळे ज्यांना कधीच जंगलात सोडता येणार नाही, असे काही ओरांगउटान पाण्याने वेढलेल्या छोट्या बेटांवर राहतात. त्यांना पोहता येत नाही, त्यामुळे कुंपण लागत नाही.

आपल्या, म्हणजे स्वयंसेवकांच्या, वाट्याला येते ती हमाली. सिमेंट कालवा, फळ्या वाहा, जाळ्यांना रंग द्या. ‘काय गं, हे करायला पैसे भरलेस?’ असं मावशीने विचारलंच. हो, भरले, आणि बरेच भरले. त्यातूनच फळं, औषधं आणि तिथल्या माणसांचे पगार निघतात. मात्र पैसे नेमके कुठे जातात, हे भरण्याआधी लेखी विचारा. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरं केंद्र शोधा.

मला सगळ्यात आवडलं ते बांबूची नळकांडी भरायचं काम. आत केळं, शेंगदाणे, मध ठासायचा आणि पाल्याने तोंड बंद करायचं. पिंजऱ्यात बसून कंटाळलेल्या जनावराला डोकं चालवायला काहीतरी हवं ना. एका मादीने नळकांडं उलटं केलं, आपटलं, मग एक काडी दातांनी सोलून आत घातली आणि निवांत मध चाटत बसली. पाल्याचं बूच तिने डोक्यावर ठेवलं होतं. का, ते तिलाच ठाऊक. आम्ही हे सगळं लांबून, मास्क लावून पाहत होतो.

तयारीला किमान सहा महिने हाताशी ठेवा, कारण हिपॅटायटिस बीच्या लशीचा नेहमीचा कोर्सच तेवढा असतो. क्षयाची तपासणी आणि छातीचा एक्स-रे बहुतेक केंद्रं मागतात. रेबीज, टायफॉइड, धनुर्वात, मलेरिया यांबद्दल डॉक्टरांशी बोला. रिपोर्टवर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्या, नंतर लॅबमध्ये हेलपाटे नकोत.

व्हिसाचं नीट बघा. भारतीयांना विमानतळावर पाच लाख इंडोनेशियन रुपियात मिळणारा तीस दिवसांचा व्हिसा पर्यटनासाठी आहे. स्वयंसेवकाला कुठला लागतो, ते केंद्राकडून लेखी घ्या. मुंबईहून जकार्ता, तिथून बालिकपापान सुमारे दोन तास. जकार्तात इमिग्रेशन, सामान, मग देशांतर्गत विमान, तेव्हा दोन विमानांत भरपूर वेळ ठेवा. बालिकपापानचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, जकार्ताचं दीडच. यात भलेभले गोंधळतात.

हवा म्हणजे ऑक्टोबरमध्ये दुपारी ठाणे स्टेशनचा पूल, फक्त दिवसभर. आधी येऊरच्या चढावर पाठीवर वजन घेऊन चालायची सवय करा. जळवांसाठी लांब मोजे हवेतच. शाकाहारी असाल तर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफूवर मजेत निभतं, पण तिथल्या सांबाल चटणीत बहुधा वाटलेली कोळंबी असते. माझं मेतकूट तिथल्या स्वयंपाकीणबाईंनीच जास्त संपवलं.

बोर्निओचं बरंच जंगल तेलताडाच्या मळ्यांनी गिळलंय. पामतेलाचा जगातला सर्वात मोठा आयातदार आपणच. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’तही ते होतं. तरी सरसकट बहिष्कार मला पटत नाही. हेक्टरमागे पामइतकं तेल सोयाबीन देत नाही, म्हणजे तेवढ्याच तेलासाठी आणखी जमीन लागणार. जंगल न तोडता पिकवलेलं तेल मागणं जास्त शहाणपणाचं.

आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात लग्न-मुंजी टाळा. शिंकत पोचलात तर बरं होईपर्यंत तुम्हाला प्राण्यांच्या आसपास फिरकू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.