जनरेटर बंद पडतो तेव्हा

बडोद्यात समुद्र नाही, पण मी ध्वनिसंपादन करते, त्यामुळे कामात तो अधूनमधून येतोच. गेल्या पावसाळ्यात कॉलेजच्या मुलांची एक शॉर्टफिल्म आली: भंगारात जायला अलंगच्या जहाजतोडणी यार्डाकडे निघालेलं मालवाहू जहाज, त्यावर आठ माणसं, तळाच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात, भूत.

समुद्रावरचे भयपट मला फार आवडतात. घरात भूत असलं तर माणूस दार उघडून रस्त्यावर पळतो. जहाजावर पळून पळून कठड्यापर्यंतच. ‘जॉज’च्या (1975) वेळी यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो कमीच दाखवला. शार्कला अडकवलेली, पाणी कापत येणारी पिवळी पिंपं पुरली. पण बहुतेकांचा समुद्रावर तेवढा विश्वास नसतो. ते जहाजात भूत आणून बसवतात आणि जहाजाचा जुना वाडा होतो. मीही तेच केलं होतं. दाराची करकर, थेंबांची टपटप आणि मध्ये गच्च शांतता.

कॅप्टनच्या आवाजासाठी दांडिया बाजारातले एक काका आले होते, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. पाच मिनिटांत त्यांनी हेडफोन काढला.

“जहाज चालू आहे ना, बाळा? मग जनरेटर कुठाय?”

मला कळेना. ते म्हणाले, “अगं, तो चोवीस तास घुमत असतो. आम्ही त्या आवाजात झोपतो. तो थांबला की झोपलेला माणूस ताडकन उठतो. पंखे बसतात, काळोख होतो. इमर्जन्सी जनरेटरनं 45 सेकंदांत वीज द्यायला हवी, नियमच आहे. ते 45 सेकंद मी मोजलेत.”

मग होल्डचं निघालं. बंद होल्डमध्ये लोखंड गंजतं आणि गंज हवेतला प्राणवायू खातो. वास नाही, रंग नाही. उतरलेला माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही. “तुमचं भूत गळा दाबतंय,” काका म्हणाले, “तिथं गळा दाबायला कुणी लागत नाही.”

दिग्दर्शक पोरगा गप्पच झाला. भूत काढायला तो तयार नव्हता, ती रस्सीखेच पुढे आठवडाभर चालली. पण ब्लॅकआउट त्याने तिथल्या तिथे मान्य केला. स्टुडिओमागच्या लग्नाच्या प्लॉटवर जनरेटर सुरूच होता. तो रेकॉर्ड केला, वेग निम्म्यावर आणला आणि पहिल्या दृश्यापासून सगळ्या संवादांखाली घातला. करकर पुसली. मग एका जागी तो आवाज तोडला.

दिवे घालवून आम्ही ऐकायला बसलो. पंधरा सेकंद कुणी हललं नाही. काका पुटपुटत मोजत होते. तिसाच्या पुढे त्यांचं पुटपुटणंही थांबलं आणि अंधारात त्यांच्या हाताने माझ्या खुर्चीचा दांडा घट्ट धरला.