गळा कसा ठेवू?

मंगळवार, रात्री साडेअकरा

काल दुपारी राजवाड्यामागच्या गल्लीत मास्टरजींच्या दुकानी ब्लाउज टाकून आले, तेव्हापासून एक शब्द मनातून जात नाही. शब्द साधा आहे आणि तो माझाच आहे. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "गला कैसा रखूँ, दीदी?" छकुली उठली का, हे माईंना फोनवर विचारता विचारताच मी म्हणाले, "कुछ भी रख दो।" त्यांनी वहीतून मान वर केली, चष्म्यावरून क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "कुछ भी तो आपने कभी सिलवाया नहीं।" मग वहीत काहीतरी टिपून घेतले आणि ते पुढच्या बाईंकडे वळले.

मापांचे मला काही वाटले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी त्यावरूनच गप्प आहे अशी ह्यांची समजूत झाली आणि त्यांनी रात्री न मागता मला बारीक ठरवून टाकले. मास्टरजींनी जुने पान काढून छाती, कंबर, दंड असे आकडे मोठ्याने वाचले, एकेक खोडून शेजारी नवा लिहिला, आणि ते मी भाजीवाल्याचा हिशेब ऐकावा तसे ऐकले. चपलेचा नंबरसुद्धा बदलला आहेच. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल पडतात, पावलाची कमान थोडी बसते आणि लांबलेले पाऊल पुष्कळदा पुन्हा आखडत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितले होते. त्याच्याशी माझे भांडण नाही. निदान रोज नाही.

पण काहीही?

ज्या साडीवर हा ब्लाउज हवा आहे ती माहेश्वरी घेतली, तो दिवस मला अजून आठवतो. महेश्वर इंदूरहून जेमतेम नव्वद किलोमीटर. तरी आम्हाला परतायला रात्र झाली, कारण डाळिंबी, अंगूरी, गुलबक्षी आणि तपकीर या चार रंगांत माझा जीव अडकला होता. दुकानदाराने बुगडी किनार उलटसुलट करून दाखवली, दोन्ही अंगांनी सारखीच. चटईची आणि विटेची नक्षी किल्ल्याच्या दगडांवरूनच काठांवर उतरली आहे, असे त्याने सांगितल्यावर ती प्रत्यक्ष पाहायला मी पुन्हा वर गेले आणि खाली येऊन पुन्हा तपकिरीवर बोट ठेवले. आई पायरीवर बसून म्हणत होती, "अगं, एक काय ते ठरव." त्याच साडीच्या ब्लाउजासाठी मी कागदावर मागचा गळा काढून नेला होता आणि लटकनांसाठी शीतलामाता बाजार दोनदा पालथा घातला होता. आई असती तर काल... असो.

मग हे 'काहीही' माझ्या घरात शिरले कधी? आठवून पाहिले तर एकही निर्णय चुकलेला दिसत नाही. पाजायला सोपे म्हणून छातीशी छुप्या चेना असलेले चार कुर्ते घेतले, ते बरोबरच होते. नाचणी आणि हळद दिसू नये म्हणून चारही गडद रंगांचे घेतले, तेही बरोबर. छकुलीने एकदा झुमका असा ओढला की कानाच्या पाळीतून रक्त आले, तेव्हा झुमके डबीत गेले. मंगळसूत्र ती चघळू लागली म्हणून तेही खणात गेले. नोकरीचे म्हणाल तर तो विषय आज नको. टोचते ते एवढेच, की छकुलीचे अंगावरचे दूध सुटून वर्ष उलटले, त्या चेना वर्षभर कुणी उघडलेल्या नाहीत, आणि तरी काल दुकानात जाताना माझ्या अंगावर त्या चारांपैकीच एक होता. मला आता कुणी काही विचारत नाही, अशी तक्रार मी मनातल्या मनात किती दिवस घोळवते आहे. आणि नेमके कुणीतरी विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

खरे तर नव्या ब्लाउजची वेळ येऊ नये म्हणून गेल्या आठवड्यात मी जुनाच उसवून पाहिला होता. ब्लाउजला दोन्ही बगलांत चांगली माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवावी, हा आईचा नियम मास्टरजींनीही पाळला होता, त्यामुळे ब्लाउज अंगात बसला. पण माया सुटलेल्या जागी कापड सात वर्षांपूर्वीच्या रंगाचे निघाले आणि शेजारी जुन्या शिवणीच्या भोकांची रांग उमटली. आरशात पाहिले तर दोन्ही कुशींना गडद पट्टे. माई म्हणाल्या, "पदराखाली कुणाला दिसतंय?" पदर डाव्या खांद्यावर असतो, उजवी बाजू कोण झाकणार, हे मी बोलले नाही, पण मला हसू आले, आणि बऱ्याच दिवसांनी ते हसू स्वतःच्याच कपड्यांवर होते.

आज छकुली झोपल्यावर तिच्याच चित्रांच्या वहीत तिच्याच जांभळ्या खडूने गळे काढत बसले. मटका गळा काढला. तो मला सात वर्षांपूर्वी शोभत होता, आता तो गळा माझ्याकडे ओळख नसल्यासारखा पाहतो. मागे नाडी आणि लटकन काढले. शुक्रवारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात आंब्याची डाळ वाटायला वाकले की छकुली ते धरून लोंबकळणार हे डोळ्यांसमोर आले आणि मी ते खोडले. बंद गळा या उकाड्यात नको. गोल गळा त्या चार कुर्त्यांना आहे, म्हणून अजिबातच नको. इतके नकार माझ्याजवळ शिल्लक होते, याचेच मला नवल वाटले.

दुकान बंद होण्याआधी फोन केला. मास्टरजी म्हणाले, "आगे का तो गोल काट दिया, दीदी, पीछे का बाकी है।" म्हणजे माझ्या 'काहीही'चा अर्थ त्यांनी गोल असा लावला होता, आणि त्यात त्यांची काय चूक? मागचा गळा पानाच्या आकाराचा ठेवा, असे मी म्हणाले. मग म्हणाले, नको, चौकोनी. मग त्यांनी किती इंच खोल हे विचारले, आणि ते सांगत असतानाच मी पुन्हा पानावर आले. पलीकडे थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज येत राहिला. शेवटी त्यांनी सकाळी दहापर्यंतची मुदत दिली आणि बजावले, "फिर शुक्रवार का मत बोलना।"

पानाचे टोक अणकुचीदार ठेवावे की किंचित गोलसर, हे अजून ठरत नाही.