सोप्यावरची कचेरी
गोव्यातल्या साखळी शहराजवळच्या आमच्या गावात जुन्या घरांना दर्शनी सोपा, म्हणजे पुढची ओसरी, असतो, आणि दोन्ही बाजूंना चिऱ्याचे, वर लाल सिमेंट घोटलेले बसायचे कट्टे असतात. या सोप्यावर बसायला कोणाची परवानगी लागत नसे. मार्च २०२० मध्ये, चार दिवसांपुरती म्हणून एकच बॅग घेऊन मी पुण्याहून घरी आलो, तेव्हा दीड हात जाड भिंतींतून मोबाईलचे नेटवर्क आत येत नसल्यामुळे माझे टेबल याच सोप्यावर मांडले गेले. पुढे फायबर आले, परंतु केबल सोप्याच्या खिडकीतूनच आत घेतल्यामुळे टेबल तिथेच राहिले.

मी पुण्याला गेलो होतो तोही हौसेने नव्हे. बाबांचा कर्जावर घेतलेला ट्रक खनिज नदीच्या धक्क्यावर पोहोचवत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधल्या काळात काही पुन्हा चालू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर त्या उरल्यासुरल्या आशेवरही पाणी पडले. वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीतली, आम्ही पाच-सहा मुले पुणे, बंगळूर अशी पांगली होती. घरून काम करण्याची सोय झाली नसती, तर आमच्यापैकी एकही परतला नसता, हे मी आधीच मान्य करतो. आताही महिन्यातून दोन दिवस चोर्ला घाट चढून बेळगावमार्गे पुण्याला जावे लागते, त्याची तक्रार नाही.

तक्रार असलीच तर ती सोप्याबद्दल आहे. शेजारचे निवृत्त काका बाबांच्या वेळेपासून रोज सकाळी दहाला वर्तमानपत्र घेऊन येत. चहा होई, मग मरण पावलेल्यांच्या बातम्यांपासून वाचन सुरू होई. मी आल्यावरही ते आले. मी कानात हेडफोन घालून बैठकीत होतो, म्हणून हाताने ‘बसा’ अशी खूण केली. ते पाऊण तास गप्प बसले. पडद्यावरच्या माणसांना आपण दिसू नये म्हणून कट्ट्याच्या कडेला सरकून बसले होते, हे माझ्या नंतर लक्षात आले. बैठक संपवून मी मान वर केली तेव्हा ते निघून गेले होते आणि घडी केलेले वर्तमानपत्र तेवढे कट्ट्यावर होते. त्यानंतर ते पायरीखालूनच हात दाखवून पुढे जातात.

उलट, बाकीच्यांच्या लेखी मी दिवसभर रिकामाच असतो. ‘घराच आसा मरे?’ (घरीच आहेस ना रे?) असे विचारून कोणी गॅसचा सिलिंडर घ्यायला सांगतो, कोणी ऑनलाईन अर्ज भरायला बसवतो. वाड्यावरची निम्मी पार्सले आमच्या सोप्यावर उतरतात. पत्नी सकाळच्या कदंब बसने पणजीला नोकरीला जाते, दीड वाजता शाळेतून आलेल्या मुलाला मी जेवायला वाढतो, आणि या एवढ्या गोष्टीवरून ‘ती कमावते, तो घरी बसतो’ असे काही दिवस बोलले जात होते. माझा पगार तिच्यापेक्षा जास्त आहे हे सांगण्याचा मोह मला एकदा आवरला नाही, याची लाज वाटते.

आईची अडचण निराळी आहे. ती आता स्वतःच्याच घरात कुजबुजते. खोबऱ्याचे वाटप मिक्सरवर दहाच्या आत उरकते, आणि उशीर झालाच तर मागच्या पडवीतला दगडी रगडा वापरते, कारण त्याचा आवाज सोप्यापर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात फणसाची फांदी तारेवर पडून वीज गेली की मात्र तिचा आवाज मोकळा होतो. इन्व्हर्टरवर माझे काम चालूच असते हे ती सोयीस्करपणे विसरते.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पूर्वी मी हक्काने रजा घेत असे. गेल्या वर्षी वरिष्ठांनी ‘तुम्ही तर घरीच आहात’ असे म्हटल्यावर मी अर्धाच दिवस घेतला, आणि आत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधली जात असताना बाहेर एका अहवालाचे आकडे तपासत बसलो. काकांनी माटोळीसाठी रानातून आणलेली कवंडळाची फळे पायरीवरूनच आईच्या हातात दिली.

टेबल आतल्या खोलीत न्यायचे आता ठरले आहे. जाड भिंतीला भोक पाडावे लागेल म्हणून केबलवाला कुरकुरला. पावसाळा संपल्यावर येतो म्हणाला आहे.