पंचांचे मते

दिवाळीच्या सुटीत भाची नागपुरात मानेवाड्याला माझ्याकडे राहायला आली ती कागदांचा गठ्ठा घेऊनच. इथंच विद्यापीठात इतिहास शिकते ती. म्हणाली, “मावशी, हे वाच नं. हे तर तुझ्याच पंचनाम्यासारखं आहे.”

कागद अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातले, एकोणिसाव्या शतकातले. खेड्यापाड्यात कुणी संशयास्पद मेलं की कॉरोनर, म्हणजे मरणाची चौकशी करणारा अधिकारी, यायचा, आसपासच्या माणसांना शपथ द्यायचा आणि प्रेताभोवती उभं करून पाहणी करायचा. त्या पाहणीचे हे कागद. इंग्रजी जुनं, भाची वाचून समजावत होती. पण दुसऱ्या पानानंतर मला समजावायची गरज राहिली नाही. प्रेत कुठं होतं, कसं पडलं होतं, अंगावर कोणत्या जखमा, कोण काय म्हणालं, शेवटी सगळ्यांचं मिळून मत, आणि खाली सह्या. ज्याला लिहिता येत नाही त्याची फुली, फुलीच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्यानं लिहिलेलं त्याचं नाव. आमच्याकडे अंगठा असतो, एवढाच फरक.

मी हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं नागपूर ग्रामीणमध्ये गेली. बाईचं प्रेत असलं की मला बोलावणं यायचं, कारण अंगावरचे कपडे बाजूला करून पाहायला बाईच लागते. गावातल्या दोन बायका पंच म्हणून उभ्या करायच्या, लुगड्याचा आडोसा धरायचा, आणि मी सांगेन ते बाहेर बसलेला रायटर लिहून घ्यायचा. प्रेत उताणे, डोके पूर्वेस, पाय पश्चिमेस, नाकातोंडातून पांढरा फेस. शेवटची ओळ तर झोपेतही म्हणून दाखवीन: पंचांचे मते सदर मयताचा मृत्यू अमुक कारणाने झाला असावा, तरी मरणाचे नक्की कारण समजणेकामी प्रेत शवविच्छेदनास पाठवावे. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात त्याचं १९४ झालं.

कॉरोनर हा प्रकार आपल्याकडे मुंबईलाही होता, १९९९ पर्यंत. नागपूरला सगळं पोलिसांकडेच. मूळ पद इंग्लंडचं, ११९४ सालचं, राजाचे हक्क आणि राजाचा महसूल राखणाऱ्या अधिकाऱ्याचं. तिथून ते अमेरिकेत गेलं. मॅसॅच्युसेट्सनं १८७७ मध्ये ते बंद करून डॉक्टर नेमले, पण साउथ कॅरोलायनात कॉरोनर आजही जिल्ह्यातून मतं घेऊन निवडून येतो. हे ऐकून मला पहिल्यांदा धक्काच बसला. गावाच्या मतांवर ज्याची खुर्ची, तो गावातल्या मोठ्या माणसाच्या दारात पडलेल्या प्रेताबद्दल काय लिहील? मग वाटलं, मतं तर आम्हीही मागत नव्हतो, तरी काय काय लिहिलं आम्ही.

त्यांच्याही ठरलेल्या ओळी होत्या. आजारानं किंवा अचानक गेला तर ‘देवाच्या आज्ञेने’. कुणी कुणाला मारलं तर ‘देवाचे भय मनात न धरता, सैतानाच्या चिथावणीने’. तान्हं बाळ आईच्या कुशीत मेलेलं सापडलं तर ‘अंगाखाली गुदमरून’. ही शेवटची ओळ गुलाम बायांच्या बाळांच्या नावापुढे फार दिसते. पुढच्या काळात इतिहास शोधणाऱ्यांनी म्हटलं की यातली कितीतरी बाळं आईच्या अंगाखाली नव्हे, तर अर्धपोटी राबलेल्या आईच्या पोटात अशक्त राहिल्यानं आणि पाळण्यातल्या अचानक मृत्यूनं गेली असावीत. ती बाई गरोदरपणातही कपाशीच्या रानात कष्टत होती. तिच्यावर दोष ठेवून कागद बंद झाला, आणि त्यावर सही करणारे सगळे पुरुष. मी हे वाचून उठले आणि चहा ठेवायला गेले. भाचीला म्हटलं, थोडं थांब.

त्या पाहणीत उभे राहणारे गोरे शेजारी असत. ज्याच्या रानात माणूस मेला त्याच्याच ओळखीचे, त्याच्याच बरोबरीचे. गुलामाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नसे. साउथ कॅरोलायनाच्या १७४० च्या कायद्यात गुलामाला जाणूनबुजून ठार मारलं तर फक्त दंड होता, त्यांच्या चलनात ७०० पौंड, आणि रागाच्या भरात मारलं तर ३५०. १८२१ मध्ये जाणूनबुजून केलेल्या खुनाला फाशी आली. त्याच १७४० च्या कायद्यात आणखी एक तरतूद होती, ती मी भाचीकडून दोनदा वाचून घेतली. गुलाम मेला तेव्हा जवळ दुसरा कोणी गोरा नसेल, तर मालकाला दोषी धरायचं. पण मालकानं स्वतः शपथ घेऊन ‘मी नाही’ म्हटलं की तो सुटला. पंचनाम्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला याहून मोठं भोक दाखवता येणार नाही.

तरीही भाचीनं एक गोष्ट दाखवली आणि त्या रात्री मला झोप आली नाही. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. मालकाचं नाव, आणि त्याखाली ओळीनं वय, लिंग, रंग. माणसाचं नाव सहसा नाहीच. कॉरोनरच्या कागदावर मात्र प्रेताला नाव द्यावं लागायचं, मालकाच्या नावाला जोडून का होईना. आणि पाहणारे कितीही मालकाच्या बाजूचे असले, तरी डोळ्यांसमोरचं अंग लिहावं लागायचं. पाठीवरचे वळ लिहून खाली मत ‘देवाच्या आज्ञेने’ असेल, पण वळ त्याच कागदावर राहिले. दीडशे वर्षांनी कुणी वाचलं तर तेच आधी दिसतात.

यावरून १९९७ ची विहीर आठवली. मन तिथं जाणारच होतं.

भादव्याचे दिवस. कपाशीच्या शेतातली विहीर, बाई सत्तावीस वर्षांची. लग्नाला सात वर्षं झाली नसती तर नायब तहसीलदार आले असते, पण नऊ झाली होती, म्हणून आम्हीच. पाचही पंच नवऱ्याच्या गल्लीतले. मी पोचले तेव्हा त्यांचं मत ठरून गेलं होतं: पाणी काढताना पाय घसरून. रायटरनं खालची ओळ आधी लिहून ठेवली होती, वरची जागा सोडून. मी बाजेजवळ बसले, पदर बाजूला केला. दोन्ही दंडांवर निळसर वण होते, चार-चार ओळीत, आतल्या बाजूला एक. कुणी दोन्ही हातांनी घट्ट धरल्यावर उठतात तसे. पंच म्हणून आलेल्या दोघींनीही पाहिले. त्यातली म्हातारी माझ्याकडे बघून मग खाली बघायला लागली.

जमादारसाहेब म्हणाले, “दोरानं काढताना लागलं असंल ताई.”

मी म्हटलं, असेल, पण आहे ते लिहा. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी ओळ घेतली: दोन्ही दंडांवर निळसर वण दिसून येतात. बोटांचा उल्लेख नाही, चार आणि एक हा आकडा नाही. मी आणखी बोलायला हवं होतं. नोकरीला आठ वर्षं झाली होती, घरी दोन लहान लेकरं, आणि मी गप्प बसले. ते वण ज्या शब्दांत लिहायला हवे होते ते शब्द मला तेव्हाही माहीत होते. प्रेत शवविच्छेदनाला मेडिकल कॉलेजात गेलं. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूचा तपास, पाय घसरून बुडाल्याचा म्हणून बंद झाला. खालची ओळ, जी आधी लिहिली होती, तीच राहिली.

भाचीच्या गठ्ठ्यात याच्या अगदी उलट प्रकारही होता. १८७६ साली साउथ कॅरोलायनातच, सवाना नदीकाठी हॅम्बर्ग नावाच्या गावी, गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या वस्तीवर ८ जुलैला सशस्त्र गोऱ्यांच्या जमावानं हल्ला केला. पकडलेल्यांना बाहेर काढून गोळ्या घातल्या. किमान सहा काळे आणि एक गोरा मेला. तिथला न्यायाधीश प्रिन्स रिव्हर्स, स्वतः एके काळी गुलाम असलेला, अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या संघराज्याच्या सैन्यात लढलेला. पाहणी त्यानं घेतली. पंचांनी घाबरून ‘अज्ञात इसमांकडून’ असं लिहिलं नाही. पुढं जमावानं मारलेल्या कितीतरी काळ्या माणसांच्या कागदांवर तेच लिहिलं गेलं, मारणारे गावात सगळ्यांच्या ओळखीचे असूनही. हॅम्बर्गच्या पंचांनी ९४ गोऱ्यांवर खुनाचा ठपका ठेवला. त्यातल्या एकावरही खटला चालला नाही. त्या जमावात असलेला बेंजामिन टिलमन पुढे राज्याचा गव्हर्नर झाला, सिनेटरही झाला, आणि त्या दिवसाच्या बढाया मारत राहिला.

भाची विचारत होती, मग लिहून उपयोग काय झाला मावशी? मी तिला त्या बाईच्या भावाचं सांगितलं.

विहिरीनंतर दोन वर्षांनी तो ठाण्यात आला. नकलेसाठी खेटे घालून पंचनाम्याची प्रत मिळवली होती त्यानं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून. “मॅडम, मले वाचता येत नाही जी. तुमीच वाचा.” बाहेर कडुनिंबाखाली बसून मी वाचलं. डोके पूर्वेस. अंगावर हिरवे पातळ. दोन्ही दंडांवर निळसर वण. तिथं त्यानं मला थांबवलं, आणि आपल्या दोन्ही हातांनी आपलेच दंड धरले, आतल्या बाजूला अंगठे रुतवून.

“असेच होते का जी?”

मी हो म्हटलं. त्यानं कागद परत घडी करून पिशवीत ठेवला.