भोंग्यावर चालणारं गाव

मँचेस्टरला राहतो म्हटलं की गावाकडची मंडळी लगेच फुटबॉलवर येतात. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. माझं या शहराशी जमलं ते कापसामुळं. इथल्या विमानतळाच्या बाजूला स्टायल नावाचं खेडं आहे. तिथं 1784 साली सॅम्युअल ग्रेग नावाच्या माणसानं नदीच्या पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली, क्वारी बँक मिल. आता तिचं संग्रहालय झालंय. पाहुणे जमले की तिथले लोक दोन-चार जुने माग चालू करून दाखवतात. धोटा इकडून तिकडं आपटायला लागला की शाळेची पोरं, गोरे आजी-आजोबा, सगळे कानात बोटं घालतात. माझी बायको पुण्याची, तीही घालते. मी आपला उभा. तिला वाटतं मी यंत्र निरखतोय. खरं सांगायचं तर मला त्या आवाजात चक्क पेंग येते.

येणारच. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग होते. रात्रभर चालायचे. पाहुणे आले की सकाळी त्यांचे डोळे लाल, आणि आम्ही मात्र ढाराढूर. लाईट गेली की उलटं व्हायचं. माग बंद पडायचे आणि सगळी गल्ली दचकून जागी व्हायची.

शेजारचं कुटुंब पद्मशाली. त्यांचे पणजोबा तेलंगणातून हातमाग विणायला आलेले. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी कन्नड. माझी आई अक्कलकोटकडची, म्हणून तिचं आणि शेजारच्या अक्कांचं भांडणसुद्धा तीन भाषांत व्हायचं. कुणाला शिवी कुठल्या भाषेत द्यायची याचं दोघींना चांगलं भान होतं.

त्यांच्या कारखान्यात चादरी व्हायच्या. मोर, फुलं, वेलबुट्टी, उलटी केली तरी नक्षी तीच, फक्त रंगांची अदलाबदल. ती नक्षी येते कुठून हे मला फार दिवस कळत नव्हतं. मागाच्या वर जकार्ड नावाचं नक्षी पाडणारं यंत्र बसवलेलं असायचं आणि त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक पुठ्ठा करत सरकत असायची. भोक असेल तिथला धागा वर उचलायचा, नसेल तिथला खालीच. फाटके पुठ्ठे अक्का आम्हाला खेळायला द्यायच्या. दुपारच्या उन्हात तो पुठ्ठा दारात धरला की समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पडायचे, आणि त्यात मोर कुठं आहे ते आम्ही शोधत बसायचो. मोर कधी सापडला नाही. एका पुठ्ठ्यात मोराची एक आडवी रेघ असते एवढीच, हे पुढं कॉलेजात गेल्यावर समजलं.

अक्कांची थोरली मुलगी माझ्याच वर्गात होती. ती शाळेत यायच्या आधी कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत कांड्यांवर गुंडाळायची. केसांत, भुवयांवर कापसाचे बारीक तंतू घेऊन वर्गात यायची आणि पोरं तिला म्हातारी म्हणून चिडवायची. मीही त्यात असायचो.

गावाला वेळ सांगायचं काम गिरण्यांकडं. मोरारजी गोकुळदासांनी 1870 च्या दशकात काढलेली जुनी मिल आमच्या जन्माआधीच थंडावली होती, पण लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी चालू होत्या. पहाटे भोंगा झाला की आईची भाकरी तव्यावर पडायची. दुसऱ्या पाळीचा भोंगा म्हणजे आम्हाला खेळायला सुट्टी. आमच्याकडं भिंतीवर घड्याळ होतं, पण ते भोंग्यावर लावलेलं. दोघांत फरक पडला तर चूक घड्याळाची.

माझे वडील, नाना, एका मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. ते घरातही ओरडूनच बोलायचे. "मीठ दे" म्हणताना सुद्धा रागावल्यागत वाटायचं. साच्यांच्या गदारोळात आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाज खाली यायचा कसा? इकडं लँकेशायरच्या विणकर बायांनी यावर वेगळीच तोड काढली होती. ओठ ठळक हलवून, खुणा करून त्या बोलायच्या आणि समोरची बाई नुसत्या ओठांवरून ओळखायची. हे वाचल्यावर वाटलं, नानांना हे आधी कुणी शिकवलं असतं तर आईचे कान वाचले असते.

भोंग्याचं ऐकून ऑफिसातला एक म्हातारा सहकारी म्हणाला, त्याच्या आजोबांच्या गल्लीत पहाटे एक माणूस लांब काठी घेऊन फिरायचा आणि मजुरांच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांवर टकटक करायचा. उठवण्याचे आठवड्याला थोडे पैसे घ्यायचा. आमच्याकडं हे काम फुकटात व्हायचं, एवढंच मी त्याला म्हटलं.

गल्लीतल्या निम्म्या बायका विड्या वळायच्या, अक्काही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओलसर पानं. कात्रीनं पान मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून गुंडाळायचं, दोरा, शेवटी तोंड मुडपायचं. बोलणं चालू, भांडण चालू, बोटं आपली वेगळीच चाललेली. हजार विड्या झाल्या की हिशेब. कारखान्यात तपासणारा मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा आणि त्यांचे पैसे कापायचा. अक्का घरी येऊन त्याच्या सात पिढ्या काढायच्या, शुद्ध तेलुगूत. आम्हाला त्या शिव्या अजून पाठ आहेत. त्यांची खोकल्याची ढासही तितकीच लक्षात आहे, म्हणून "काय ते दिवस होते" असं कुणी म्हटलं की मला पटकन मान डोलवता येत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. नळाला पाणी येणार ही बातमी वाऱ्यासारखी पसरायची आणि घागरी, पिंपं, कढया, जे भांडं हाताला लागेल ते भरायचं. पाणी रात्री-अपरात्री यायचं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार, म्हणून सगळे बाहेर अंगणात नाहीतर गच्चीवर झोपलेले, त्यामुळं उठवायला सोपं. आता गावाला उजनीहून शंभरावर किलोमीटर पाणी आणतात, तरी रोज नळ येत नाही ही भावाची तक्रार आहेच. मँचेस्टरचं पाणीही लांबूनच येतं, दीडेकशे किलोमीटरवरच्या थर्लमिअर तलावातून, 1894 पासून, आणि तेही नुसत्या उतारानं. इथं वरूनही पडत असतं, बारा महिने. आईनं हा पाऊस पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "पन्हाळीखाली पिंप का नाही लावलं रे?"

1990 च्या दशकात गिरण्या एकामागून एक बसल्या. नानांचीही बसली. पगार आधी लांबले, मग थांबले, आणि देण्यांचं काय झालं ते विचारत माणसं वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिली. कुणी रिक्षा घेतली, कुणी वॉचमन झालं. नाना पहाटे उठून आंघोळ करून दारात बसायचे. आई वैतागून म्हणायची, "आता तरी झोपा की जरा." ते म्हणायचे, "झोप येत नाही." हेसुद्धा ओरडूनच.

इकडच्या जुन्या गिरण्यांत आता फ्लॅट झालेत. लाल विटा, उंच खिडक्या, दरवाज्यावर जुन्या मिलचं नाव, आणि भाडं विचाराल तर घाम फुटेल. क्वारी बँकेत एक घर मुद्दाम राखून ठेवलंय. अनाथ, गरीब पोरांना गिरणीत कामाला लावून तिथं ठेवायचे. त्या घरात उभा असताना मला कापूस लागलेल्या भुवया आठवल्या आणि मी जरा घाईनंच बाहेर पडलो.

आणखी एक गोष्ट, जी शाळेत अर्धीच कळली होती. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा चौकातून आम्ही रोज सायकली दामटायचो, हे आम्हाला तोंडपाठ. उरलेली अर्धी गोष्ट अशी, की त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी इथून जवळच्या डार्वेनला आले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ ज्यांना बसली, त्या गिरणी कामगारांना भेटायला. लोकांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं. डार्वेनच्या त्या कामगाराला आणि नानांना एका बाकावर बसवलं असतं, तर गिरणी बंद पडण्यावर त्यांचं बराच वेळ जमलं असतं. अर्थात दोघंही ओरडून बोलणारे.

शेंगाचटणीवर दोन ओळी न लिहिता सोलापूरवर लिहिलं तर मला गावात घेणार नाहीत. तर: भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, मीठ, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरला भुगा होतो, चटणी होत नाही. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी मोडून तिच्यासोबत. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

राहता राहिला गड्डा. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज, होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, आणि धुळीनं भरलेले आम्ही. कुंभाराच्या मुलीचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागलं, त्याचा सोहळा संमती कट्ट्यावर अजून होतो. तेव्हा भारतात दुपार असते आणि इथं जेमतेम उजाडलेलं. यंदा मित्रानं तिथून व्हिडिओ कॉल लावला. बाराबंदीतली, म्हणजे बंद बांधायच्या अंगरख्यातली गर्दी, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम", अक्षता उडतायत, आणि पडद्यावर माणसांची डोकी सोडून काही नाही.

"दिसलं का बे?" तो ओरडला.

"फेटे दिसले," मी म्हटलं.

"मग झालं की! आम्हाला तरी दुसरं काय दिसायलंय?"