सी-नव्वदची अ बाजू: वेगाचे कोडे सुटले

मागील नोंदीत बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांच्या ज्या सी-नव्वद (नव्वद मिनिटांच्या) कॅसेटविषयी लिहिले होते, ती वाजवताना सूर पुढे पुढे चढत जाई; तिच्या अ बाजूचा वेग अखेर जुळला आहे. तो कसा जुळला हे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या ज्या कॅसेटी खानदेशात घरोघरी पडून आहेत, त्यांना हीच अडचण येणार आहे.

कॅसेट यावलकडच्या एका परिचित कुटुंबाची असून रेडिओसमोर माइक ठेवून भरलेली आहे. तिच्यावर तारीख नव्हती, ती मात्र आता निश्चित झाली. मध्येच आलेल्या बातम्यांत विश्वनाथ प्रताप सिंह यांनी काल पंतप्रधानपदाची शपथ घेतल्याचा उल्लेख आहे. तो शपथविधी 2 डिसेंबर 1989 रोजी झाला, म्हणजे ही टेप 3 डिसेंबरची, आणि 3 डिसेंबर हा बहिणाबाई चौधरी यांचा स्मृतिदिन आहे. त्या सकाळी त्यांचीच गाणी का लागली होती, याचा उलगडा राजकारणाच्या एका बातमीने केला. देशातील सत्तांतर सांगणारा तो संथ, संयत आवाज ऐकल्यावर आजच्या दूरचित्रवाणीवरील बातम्यांचा आरडाओरडा मला अधिकच असह्य वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डेकचा पट्टा बदलला, पिंच रोलर (टेप दाबून पुढे सरकवणारे रबरी चाक) स्वच्छ केला आणि 3000 हर्ट्झच्या चाचणी टेपवर वेग बिनचूक लावला, तरी गाणाऱ्या बाईंचा आवाज पुढे पुढे चढतच होता. सुरुवातीला काळी चार असलेला पेटीचा षड्ज (सा) बाजूच्या अखेरीस जवळजवळ पांढरी सहावर, म्हणजे लगतच्या वरच्या पट्टीवर, पोहोचत होता, फरक सुमारे सहा टक्क्यांचा. कारण उघड होते: भरताना सेल उतरत गेले, मोटर मंदावली, आणि मंद गतीने भरलेली टेप योग्य गतीने वाजवली की सूर चढतो. म्हणून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील टाइम ट्रॅकवर (जिथे रेषा आखून वेग कमी-जास्त करता येतो) सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सरळ उतरती रेषा आखली. पहिली दहा मिनिटे सुरेख जुळली आणि त्यानंतर पेटी एकदम बेसूर झाली. रेषा वाकवून पाहिली, तिचा उतार बदलून पाहिला, तरी काही उपयोग झाला नाही.

उत्तर टेपवरच्या टिचक्यांत, म्हणजे यंत्र थांबवून पुन्हा सुरू करताना उमटलेल्या ‘टक्’ अशा आवाजांत होते. भरणाऱ्याने नको असलेला भाग गाळण्यासाठी मध्ये मध्ये यंत्र थांबवले होते आणि तेवढ्या विश्रांतीत सेलांना थोडा जोर आला होता. त्यामुळे प्रत्येक टिचक्यानंतर सूर किंचित खाली येतो आणि पुन्हा चढू लागतो. हा एक उतार नसून अनेक तुकड्यांचे वेगवेगळे उतार आहेत, हे लक्षात येताच टिचक्याटिचक्यावर तुकडे पाडले आणि प्रत्येकाला स्वतंत्र रेषा दिली.

पहिल्या तुकड्याला आधार मिळाला तो आकाशवाणीच्या संकेतधूनचा. शिवरंजनी रागावर आधारलेली वॉल्टर कॉफमन यांची ही धून टेपच्या आरंभीच आहे, आणि तिच्या आजच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्यावर त्या तुकड्याचा खरा वेग व पेटीचा खरा षड्ज हाती आला. तीच पेटी पुढेही वाजत असल्याने बाकीचे तुकडे तिच्यावर बसवता आले. बातम्यांआधीचे वेळेचे ठोके एकेका सेकंदाचे असतात. टेपवर ते अंतर 0.96 सेकंद भरत होते, दुरुस्तीनंतर पूर्ण एक सेकंद भरले.

त्यानंतर जे ऐकू आले त्याचा आनंद शब्दांत मांडणे अवघड आहे. जो आवाज कोवळ्या मुलीचा वाटत होता, तो एका वयस्क, कसलेल्या बाईंचा निघाला. बहिणाबाईंच्या लेवा गणबोलीतील स्वरांची खास लांबण आता स्पष्ट उमटते. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 1952 साली निघालेला बहिणाबाईंच्या गाण्यांचा संग्रह समोर ठेवून ऐकताना, छापील ओळींपेक्षा गाणाऱ्या बाईंचे उच्चार मला कितीतरी अधिक जिवंत वाटले.

साधनांविषयी थोडेसे. ऑनलाइन मागवलेले गोल पट्टे सैल निघाले. जळगावच्या फुले मार्केटमधील जुन्या मेकॅनिकने मोजून दिलेला चौकोनी पट्टा उत्तम चालला. आपोआप खरखर काढणाऱ्या फिल्टरांच्या नादी लागू नये, असे माझे ठाम मत आहे. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात पाच किलोहर्ट्झच्या वर फारसे काही नसतेच, तेवढा भाग कापला की पुरते. त्याहून अधिक पुसायला गेल्यास श्वास आणि टाळांची झांज दोन्ही जातात. ॲझिमथ (टेपच्या संदर्भात हेडचा कोन) मात्र प्रत्येक कॅसेटला नव्याने लावावाच.

पुढे ब बाजू घेण्याचा बेत होता, पण हे लिहीत असतानाच एक गोष्ट ध्यानात आली. अ बाजूच्या शेवटच्या तुकड्यात पेटी नाही, फक्त निवेदन आहे, त्यामुळे तो अंदाजानेच जुळवला आहे. त्या निवेदनामागे शेजारच्या टीव्हीचा अस्पष्ट आवाज येतो. 3 डिसेंबर 1989 हा रविवार होता आणि त्या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘महाभारत’ लागत असे. तो आवाज त्याच्या शीर्षकगीताचा असेल, तर संकेतधूनप्रमाणेच हाही एक ठरलेला ध्वनी आहे आणि त्यावरून शेवटच्या तुकड्याचाही वेग काढता येईल. म्हणून ब बाजू तूर्त बाजूला ठेवून निवेदकाच्या आवाजाचा कंप्रता-पट्टा दाबून ते सूर वर आणण्याचे काम आधी हाती घेत आहे. मूळ, दुरुस्ती न केलेली 24 बिट, 48 किलोहर्ट्झची फाइल स्वतंत्र जपलेली आहे. ज्यांच्याकडे त्या मालिकेच्या शीर्षकगीताचे योग्य वेगाचे, खात्रीचे ध्वनिमुद्रण असेल, त्यांनी कृपया कळवावे.