तू कुठल्या बेसवर होतीस?

मंगळवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. घडलं तसं काहीच नाही. मामंजींना संध्याकाळच्या गोळ्या दिल्या, गुडघ्यांवर शाल घातली, पडदा ओढायला वळले, तर मागून त्यांनी विचारलं, "तू कुठल्या बेसवर होतीस?"

एवढंच.

आवाजात आपुलकी होती. लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसलेलं माणूस 'तुमचं गाव कुठलं' म्हणून विचारतं ना, तशी. आधी वाटलं, गंमत करताहेत. मग चेहरा पाहिला. सुनेकडे बघायची नजर नव्हती ती.

सून होऊन आले त्याला सदतीस वर्षं. संध्याकाळपासून हा आकडा डोक्यातून जात नाही. सासूबाई गेल्यावर त्यांना आमच्याकडे आणलं, त्यालाच नऊ वर्षं झाली. ओहायोच्या बर्फातून किती वेळा दवाखाना गाठला, किती रात्री खुर्चीत बसून काढल्या, याचा हिशोब मी कधी मांडला नाही, आणि आज मांडायला बसले याचं मलाच वाईट वाटतंय. पण मांडतेय. नातवंडांची नावं गेली, रस्त्याचं नाव गेलं, सासूबाई नाहीत हेही मधूनमधून जातं. ऱ्हाइन-माइन, अमेरिकन हवाई दलाचा जर्मनीतला तो तळ, मात्र जात नाही.

चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात नोकरी केली. त्यातला एक दिवससुद्धा ते सांगत नाहीत. विसाव्या वर्षी फ्रँकफर्टजवळच्या त्या तळावर काढलेलं दीड वर्ष मात्र रोज सांगतात. चिखल इतका, की पोरं त्याला ऱ्हाइन-मड म्हणायची. जून १९४८ मध्ये रशियनांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले आणि वीस लाखांवर माणसांचं पोट विमानांवर आलं. हाच तो 'हवाई पूल'. दर तीन मिनिटांना एक विमान. सी-५४ या मालवाहू विमानात दहा टन माल, त्यातही सगळ्यात जास्त कोळसा. त्याची भुकटी तारांमध्ये, यंत्रांमध्ये, नखांमध्ये. पिठाची पोती आली की तेवढ्यापुरती माणसं काळ्याची पांढरी व्हायची. हे सांगताना ते अजून स्वतःच्या तळव्यांकडे बघतात.

ते विमानात बसणारे नव्हते, दुरुस्तीवाले. एका सी-५४ ला चार इंजिनं, प्रत्येकात चौदा सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. ११२. हा आकडा ते शालीवर बोटं आपटत मोजतात. नोव्हेंबरातलं धुकं, रात्री गारठलेलं लोखंड, हातमोजे घालून प्लग निघत नाही म्हणून उघड्या बोटांनी काढलेला. शेजारी उभे राहून काम करणारे जर्मन मेकॅनिक, जे तीन वर्षांपूर्वी जर्मन हवाई दलाची विमानं दुरुस्त करत होते. त्यांच्यातल्या एकानं त्यांना इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखायला शिकवलं. त्या माणसाबद्दल बोलताना आवाज बदलतो त्यांचा. अपघातात ३१ अमेरिकन गेले, ती गोष्ट मात्र त्यांनी मला एकदाही सांगितलेली नाही. मी वाचून काढली.

आणि ज्या शहरासाठी हे सगळं, ते बर्लिन त्यांनी पाहिलंच नाही. एकदाही नाही. विमान भरून जायचं, रिकामं यायचं, हे त्यातला कोळसा झाडून काढायचे. मुलांसाठी रुमालाच्या हवाईछत्र्यांना बांधून चॉकलेटं टाकणारे गेल हॅल्वोर्सन २०२२ मध्ये एकशे एकाव्या वर्षी वारले, तेव्हा टीव्हीसमोर बसून मामंजी म्हणाले, "माझा एक रुमाल गेलाय त्यात." त्या पोरांशी त्यांचा संबंध आला तो तेवढाच. तरी किती समाधानानं म्हणाले.

तर या सगळ्यात मी कुठे आहे? कुठेच नाही. मी १९८८ मध्ये आले. तोवर त्यांचं सगळं महत्त्वाचं होऊन गेलं होतं.

हे लिहिताना रडू आलं. थोडा वेळ उठून पाणी पिऊन आले.

खरं तर आजचं दुखणं आजचं नाही. पुण्याला जायचं तर आमचं विमान बहुतेक वेळा फ्रँकफर्टला बदलायचं. परत आले की मामंजी एकच विचारायचे, फ्रँकफर्टला काय दिसलं. लोहगावला उतरून घरी गेले, भावाच्या मुलीचं बारसं झालं, आंबे खाल्ले, यातलं काही नाही. धावपट्टीच्या दक्षिणेला काय आहे? लष्करी विमानं दिसली का? २००५ च्या शेवटी अमेरिकनांनी तो तळ जर्मनांना परत दिला, तेव्हा आठवडाभर ते धड जेवले नाहीत. एकदा मला मधे सहा तास मिळाले, तर टॅक्सी करून महामार्गालगतचं ते हवाई पुलाचं स्मारक बघून आले. अर्धवट राहिलेल्या पुलासारखी कमान, वर आभाळात तीन फासळ्या, तीन हवाई मार्गांच्या. तशीच एक बर्लिनला जुन्या टेंपलहोफ विमानतळाच्या बाहेर आहे. बाजूला दोन जुनी विमानं. त्यांच्यासाठी फोटो काढून आणला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "गवत आहे. चिखल कुठे गेला?" ते सहा तास मी हॉटेलात झोपू शकले असते, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

आणि १९९८. आईचा तेरावा आटपून आले होते. मला घ्यायला विमानतळावर तेच आले होते. ट्रॉली त्यांनी ढकलली, गाडीचं दार उघडून दिलं, पट्टा लावला का बघितलं, आणि गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "फ्रँकफर्टला धुकं होतं का?"

मी म्हटलं, नव्हतं.

सत्तावीस वर्षं ते वाक्य मी जपून ठेवलंय. कुणाला सांगितलं नाही, ह्यालाही नाही. रागानं उलटून बोलावं तर माणूस इतकं चांगलं. आजच्या प्रश्नानं नेमकं तेच वर आलं. धुकं होतं का.

आता पुढचं लिहिते, कारण तेही आजच झालं.

तू कुठल्या बेसवर होतीस, म्हणाले. मी पडदा धरून उभी. 'मी तुमची सून' असं म्हणणार होते. गेल्या महिन्यात म्हटलं होतं, तर ते इतके ओशाळले होते की रात्री जेवले नाहीत. म्हणून तोंडात आलं ते बोलून गेले, "लोहगाव."

"कुठे आलं हे?"

"भारतात. पुण्याजवळ."

"चिखल होता?"

"पावसाळ्यात गुडघाभर," मी म्हटलं. आणि खोटं नव्हतं ते. विमानतळाकडच्या आमच्या एमईएसच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याच्या, क्वार्टर्ससमोर असायचाच.

ते पुढे सरकून बसले. शाल खाली घसरली तरी लक्ष नाही. धावपट्टी केवढी? रात्री विमानं उडायची? झोप लागायची का त्या आवाजात? इतके प्रश्न या माणसानं मला आयुष्यात विचारले नव्हते. मी स्टुलावर बसले आणि सांगत गेले. पहाटे जेट उडालं की कपाटातले स्टीलचे डबे थरथरायचे, आणि बाबा आवाजावरून सांगायचे, हे गेलं, हे आलं. १९७१ च्या डिसेंबरात मी आठ वर्षांची. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले. भोंगा झाला की दिवे बंद, आणि आई काळोखात हातानं चाचपून भात वाढायची. कुणाच्या ताटात किती पडला हे कळायचं नाही, म्हणून भाऊ ओरडायचा. आई म्हणायची, ओरडू नकोस, पाकिस्तानला ऐकू जाईल.

मामंजी हसले. मोठ्यांदा. आईच्या वाक्याला हसले ते, या घरात, पहिल्यांदा.

"ती काय करायची तिथे?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"भात वाढणारी."

मग मी आईबद्दल सांगितलं. बराच वेळ. मधेच ते म्हणाले, "आमच्याकडेही अशी माणसं होती," आणि त्या जर्मन मेकॅनिकबद्दल सांगायला लागले, पण या वेळी मधे थांबून माझ्याकडे बघत होते, पटतंय ना म्हणून, जसं दोघं तिथे असलेली माणसं बघतात तसं. मला पटत होतं. गारठलेल्या लोखंडाचं मला काही माहीत नाही, पण पटत होतं.

हा दारात उभा राहून ऐकत होता. किती वेळ, कुणास ठाऊक. नंतर स्वयंपाकघरात त्यानं भांडी विसळायला घेतली आणि एक अक्षर बोलला नाही. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी. वन्संचाही फोन येऊन गेला, त्याबद्दलही आज नको.

मी मघापासून विचार करतेय की १९९८ ला गाडीत मी नुसतं 'नव्हतं' म्हणून खिडकीबाहेर का बघत बसले. धुकं नव्हतं, पण पुण्याला पाऊस होता, आई ऑगस्टमध्ये गेली, वैकुंठात लाकडं ओली होती. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी गाडी बाजूला घेतली असती. हे मला आता कळतंय असं नाही, तेव्हाही माहीत होतं. हवामानाशिवाय दुसऱ्या कशातून शिरावं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला त्यांनी बाकी कुठूनही शिरायला हवं होतं. असो.

उद्या त्यांना यातलं काही आठवणार नाही. कदाचित पुन्हा विचारतील, कुठल्या बेसवर होतीस. लोहगाव म्हणेन. पानशेतच्या पुराच्या आईनं सांगितलेल्या गोष्टी आहेत, रेंजहिल्सला राहणाऱ्या मावशीच्या आहेत. पुष्कळ आहे माझ्याकडे.

निजायला जाताना त्यांनी विचारलं होतं, तुमच्या मेसमध्ये सकाळी काय द्यायचे. त्यांना अंड्याची पूड मिळायची, ती अजून घशात बसलीय म्हणाले. मी काही विचार न करता म्हटलं, साबुदाण्याची खिचडी. म्हणाले, "चांगली असते?"

साबुदाणा भिजत घातलाय. कूट संपलंय, दाणे सकाळी उठून भाजावे लागतील. सहाला जागे होतात ते, पहिल्या पाळीच्या वेळेला.